आजी काय म्हणाली?

इथं जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि त्या सोमवारी सकाळी आठलाच कुंपणाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. बेचाळीसपर्यंत जाणार, असं माझा मुलगा राघव चहा पिताना म्हणाला होता. ब्लॅकटाउनच्या पुढं जिथं नवी घरं संपतात तिथं आमचं शेवटचं घर, आणि पत्र्यापलीकडं चिनी लोकांचा भाजीमळा. खिडकीतून मला तिकडची मेथी दिसत होती. माना टाकून बसली होती. आणि इकडं माझी सून लीना हातात कागद घेऊन उभी.

“आई, बसा ना जरा. बोलायचंय.”

ही बसा म्हणाली की मी उभीच राहते. ओट्याला टेकून उभी राहिले.

कागद बालवाडीतून डिसेंबरातच आला होता. स्पृहा, माझी नात, पाच वर्षांची. प्रश्न विचारला की बराच वेळ गप्प बसते, बोलता बोलता थांबते, एका वाक्यात तीन भाषांचे शब्द घालते, असं त्यात लिहिलेलं. शाळा दोन आठवड्यांवर आलेली. शुक्रवारी बोलण्याच्या डॉक्टरणीकडं न्यायचं होतं.

“तोपर्यंत आपण घरात नियम करूया,” लीना म्हणाली. “मी आणि राघव इंग्लिश बोलू. तुम्ही मराठी. पण नीट मराठी, आई. अहिराणी नको. तिचा गोंधळ होतोय.”

“माझी मराठी नीट नाही?”

“तसं नाही म्हणत मी.”

“तसंच म्हणतेस.”

ती पुण्याची. तिच्या तोंडून शब्द इस्त्री करून निघतात. मी अहिराणीत भरभर पुटपुटले की तिला काही कळत नाही. मी चोपड्याकडची, चौथी शिकलेली, पण माझ्या केळीच्या मळ्यात बारा बाया निंदायला असायच्या आणि बाराही जणी माझ्या बोलण्याला वचकून असायच्या. इथं वचकणारं कोणी नाही. राघव माझ्याच पोटचा, पण पुण्यात कॉलेजला गेला तेव्हा अहिराणी तिथल्या हॉस्टेलात ठेवून आला. मी काही विचारलं की मराठीत उत्तर देतो. उरली एक स्पृहा. तिला मीच न्हाऊ घातलं, भरवलं, झोपवलं. या अख्ख्या देशात माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं हे एक एवढंसं तोंड.

“अन् नाही पाळला नियम तर?”

लीनानं कागदाची घडी घातली. “तर उद्यापासून सुट्टीच्या केअरला घालते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. पुढं शाळा सुटल्यावरही तिथंच. मला आवडणार नाहीये आई, पण मी तिच्या बाबतीत रिस्क नाही घेणार.”

सात ते सहा. म्हणजे पोर घरी फक्त झोपायला येणार, तेही आईच्या खोलीत.

मी म्हणाले, “मग मी बोलतच नाही. आजपासून मौन.”

राघव बूट घालता घालता दारातून ओरडला, “आई, आत्ता कसलं मौन? चातुर्मास आहे का?”

“माझं मौन आहे. पंचांगाचं नाही.”

आमच्याकडं चातुर्मासात बायका मौन धरून जेवायच्या. मीही चार वर्षं केलं होतं. सवय होती. फक्त ते देवासाठी होतं आणि हे सुनेच्या नाकावर टिच्चून.

*

स्पृहाचा हात धरला, टोपी घातली आणि मळ्यात गेले.

तिथं मी मजुरीला जात नाही, हे आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी इंडियन दुकानांसाठी मेथी लावली आणि गुडघ्याएवढी वाढू दिली. जून, दोरखंडासारखी. मी पत्र्यावरून बघत होते. राहवेना. हाका मारमारून त्या म्हातारीला बोलावलं आणि नखानं दाखवलं, इथं खुड, एवढी असताना खुड. ती माझ्यावर तिच्या भाषेत ओरडली. मी माझ्या भाषेत ओरडले. दुसऱ्या दिवशी तिनं पत्र्यावरून वांग्यांची पिशवी दिली. तेव्हापासून जाते. पैसा घेत नाही. भाजी घेते, तीही निवडून.

म्हातारीला सगळे आमा म्हणतात, म्हणजे आजी. चौऱ्याहत्तरची आहे, पाय धनुष्यासारखे वाकलेले, हातात कोपरापर्यंत फुलाफुलांच्या बाह्या, डोक्यावर सुपाएवढी टोपी. मुलगा पहाटे ट्रक घेऊन मार्केटला जातो. सून उत्तरेकडची, शिकलेली, फोनवर ऑर्डरी घेते आणि ट्रॅक्टरही चालवते. आमाची भाषा त्यांच्या गावाकडची, दक्षिणेची, आणि ती सुनेला कळत नाही. सुनेची भाषा शाळेतली, रेडिओतली, ती आमाला चार शब्दांपलीकडं कळत नाही. मधे सात वर्षांची नात निंग. आमाशी आमाचं, आईशी आईचं, आमच्या स्पृहाशी इंग्लिश. मान इकडून तिकडं फिरवते तशी भाषा फिरवते.

त्यांचं नवं वर्ष तोंडावर होतं. दुकानदारांचे फोन थांबत नव्हते, आणि वर ही झळ. शेडच्या पत्र्याखाली उलट्या क्रेटवर आम्ही दोघी बसलो. मनगटात रबरबँड, समोर कोथिंबिरीचा ढीग. मुळं धुवायची, पिवळं पान काढायचं, मूठभर घ्यायची, देठं जुळवायची, दोन वेढे. माझी जुडी सैल असते, आमाची घट्ट. ती माझ्या जुड्या उचलून पुन्हा आवळते आणि पुटपुटते. मी तिच्या उचलून सैल करते. पाल्याला श्वास नको का घ्यायला!

“गरम व्हई ऱ्हायनं वं माय,” मी म्हणाले. पदरानं मान पुसली. “भट्टी शे भट्टी. तुना आंडोरले सांग, पंखा आन म्हना.”

मुलाला पंखा आणायला सांग म्हटलं, तर आमानं मान हलवली आणि तिचं काहीतरी सांगितलं. बहुतेक पंख्याचंच असावं.

स्पृहा माझ्याकडं बघत राहिली. घरून निघाल्यापासून मी हे पहिलंच बोलले होते. ती जवळ आली, माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, “आजी, आठे बोलानं का?”

इथं बोलायचं का? पाच वर्षांच्या पोरीनं जागा विचारली. मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. नियम लीनाचा होता, मौन माझं होतं, आणि हे शेड कोणाच्याच घरात नव्हतं. मी तिच्या हातात मेथीची काडी दिली. ती घेऊन ती निंगकडं पळाली.

पोरी भोपळ्यांच्या क्रेटपाशी दुकान मांडून बसल्या होत्या. निंग मोठी, तिनं मास्तरीण व्हायचं. तिनं भोपळ्यावर थाप मारली.

“आमा?” तिनंच विचारलं, तिनंच सांगितलं, “गिमग्वे.” मग “मामा?” म्हणजे तिची आई, “नान्ग्वा.” मग इंग्लिश. आणि स्पृहाकडं बोट.

“आजी… गंगाफळ,” स्पृहा म्हणाली. “मम्मा… भोपळा.” आणि मग इंग्लिश.

निंगनं बोटं मोजली. पाच. दोघी भोपळ्यावर पालथ्या पडून हसल्या. एवढं काय हसायचं त्यात, मला कळेना. पण बालवाडीवाल्या ज्या पोरीला शब्द येत नाहीत म्हणत होत्या, ती एका दमात तीन बोलली होती, आणि कोणता कोणाचा हे न चुकता. मी जुडीला तिसरा वेढा घालून बसले. आमानं माझ्या हातावर चापट मारली. रबरबँड वाया घालवते म्हणून.

*

मंगळवार गेला. घरी मी खुणांनी बोलत होते. भात हवा तर बोट, नको तर तळहात. लीना दोनदा म्हणाली, “आई, प्लीज, मराठी बोला ना, मी बोलूच नका असं कुठं म्हटलं?” मी देवासमोरच्या वातीसारखी ताठ. चांगलं वाटत होतं. खोटं कशाला सांगू.

पण माझ्याबरोबर स्पृहाही मिटली. पाणी हवं तर नळाकडं बोट. मम्मानं विचारलं तर मान हलवायची. जेवताना ती माझ्या तोंडाकडं बघायची, मग आईच्या, मग परत माझ्या. जणू माझ्या ओठातून काही पडणार आहे आणि ते तिनं झेलायचंय.

बुधवारी मळ्यात गेले तर दुपारी एक पांढरी गाडी आत आली. काळा चष्मा लावलेली बाई उतरली, दारातूनच ओरडली, “आंटी, मेथी फ्रेश है? कितने का बंच?”

मी मान वर केली. बाईनं चष्मा काढला.

“अय्या! राघवच्या आई ना तुम्ही?”

मंडळातली कौमुदी. गणपतीत हिच्याच शेजारी बसून मी मोदक वळले होते. माझ्या पायात आमाच्या प्लास्टिकच्या चपला होत्या, साडीचा काष्टा मारलेला, कोपरापर्यंत चिखल. चाळीस एकरांची मालकीण. मी म्हणाले, “शेजारी आहेत. मदतीला येते.”

“हो हो, नो वरीज काकू. छानच. ॲक्टिव्ह राहता.” तिनं चार जुड्या घेतल्या, आमाच्या हातात पैसे ठेवले, आणि जाताना माझ्याकडं असं हसली की जुडीचं पाणी माझ्या अंगावर उडाल्यासारखं झालं.

संध्याकाळी राघवला फोन येऊन गेलेलाच होता.

“आई, मी काय कमी करतोय तुला? लोक काय म्हणत असतील? राघव आईला शेतावर कामाला पाठवतो. बेचाळीस डिग्रीत!”

मला मौन. एरवी मी याला असा उभा चिरला असता. घास गिळत बसले. तोंडात उत्तर आणि पुढं दात.

लीना थकलेल्या आवाजात म्हणाली, “स्पृहा, आजीला विचार गं, आजी का जाते तिकडं?”

स्पृहानं मला काही विचारलंच नाही. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि आईला सांगितलं, “आजी म्हणते… तिथं तिची फ्रेंड आहे. आणि ती सॉरी म्हणते.”

मी भाताचा घास हातात धरून तशीच राहिले. मी काही म्हटलंच नव्हतं. आणि सॉरी तर मी मेले तरी म्हणणार नव्हते. राघवचा चेहरा मात्र उतरला. “असू दे. टोपी घालून जात जा,” म्हणाला आणि उठला.

*

गुरुवारी त्रेचाळीस होतं. मळ्यातल्या पंपाला पाणी कमी येत होतं. फवारे नुसते थुंकत होते. कोथिंबिरीचे दोन वाफे एका रात्रीत फुलावर आले, वर पांढरे तुरे. निंगची आई ट्रॅक्टरवरून उतरली, तुरे हातात घेऊन शेडमधे आली आणि ते आमासमोर फेकून बोलायला लागली. हातवाऱ्यांवरून कळत होतं: हे फेकून दे, दुकानदार परत पाठवतील, आपलं नाव जाईल.

आमा उठली. कमरेवर हात. मग जे सुरू झालं! शब्द कळायची गरजच नव्हती. मी बारा बायांवर चाळीस वर्षं ओरडले आहे, ओरडण्यातलं मला सगळं कळतं. आमानं सुनेचं माहेर काढलं, तिच्या आईनं काय शिकवलं ते काढलं, गोऱ्या हातांचं काढलं, आणि शेवटी तुरे आत दडवून बाहेरून कोवळी पानं कशी लावायची तेही जुडी बांधून दाखवलं. थुंकी उडत होती. गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या.

सुनेनं निंगकडं बघितलं. काय म्हणते ही?

निंगनं केसांची क्लिप काढली, परत लावली. मग आईला बारीक आवाजात चार शब्द सांगितले. चार. आईचे खांदे खाली आले. तिनं काहीतरी विचारलं. निंग आमाकडं वळून गोड आवाजात बोलली. आमा खेकसायची थांबली, नाक ओढलं, क्रेटवर बसली. सून जाऊन गार पाण्याची बाटली घेऊन आली आणि सासूच्या पायाशी ठेवली. म्हातारी पाणी प्याली.

आणि स्पृहा खुदकन हसली. निंगही तिच्याकडं बघून ओठ दाबून हसली. दोन चोरांनी एकमेकांना ओळखावं तशा.

मी स्पृहाला ओढून मागं, धुण्याच्या टाकीपाशी नेलं. “कसाले हासनी तू?”

ती चपलेनं चिखल उकरायला लागली.

“सांग. मी रागावत नही.”

“निंगनं मला शिकवलेत ते शब्द. तिनं तिच्या मम्माला सांगितलं आमा थकली. आमानं तसं म्हटलंच नाही,” ती म्हणाली. “ती पण करते.”

“काय करते?”

“मी करते ते.”

टाकीत नळ चालू होता. मी तो बंद केला.

मग एकेक निघालं. राघव कामावर असताना मी भाकरीचा तुकडा ताटात आपटून म्हटलं होतं, “भाकर शे का चामडं?” लीनानं विचारलं, आजी काय म्हणाली? स्पृहानं सांगितलं, आजी म्हणते तिचे दात दुखतात. मला आठवलं. मागच्या थंडीत लीनानं ऑफिसला सुट्टी टाकून मला दातांच्या डॉक्टरकडं नेलं होतं. माझे दात धडधाकट. मी तिथंही म्हटलं होतं, हिले पैसा उडावाले कारण लागस. गाडीत लीनानं विचारलं, काय म्हणाल्या? पोरीनं सांगितलं, आजी थँक्यू म्हणते.

रविवारी लीना उशिरा उठायची तेव्हा मी भांडी आपटून विचारायची, “राणी उठनी का?” पोर खोलीत जाऊन सांगायची, आजी म्हणते तू झोप. आणि लीना उठून माझ्याकडं बघून हसायची. मी म्हणायची, काय निर्लज्ज बाई आहे, टोमणा मारला तरी हसते!

“कधीपासून करतेस गं हे?”

तिला कधीपासून कळत नव्हतं. ती म्हणाली, “नेहमी.” मग टाकीच्या कडेला बोट फिरवत म्हणाली, “आजी, मम्मा रडली तर? म्हणून मी आधी बघते.”

“काय बघतेस?”

“कोण आहे ते. मग बोलते.”

बालवाडीत बाई विचारायची आणि ही गप्प बसायची ते यासाठी. आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य या पोरीच्या हातातून गेलं होतं, आणि तिनं ते धुऊन, पिवळं पान काढून, बांधून पुढं दिलं होतं. पाच वर्षांची. आणि मला वाटत होतं, माझ्या बोलीनं तिला काही झालं नाही. बोलीनं नव्हतंच झालं. बोलीत मी जे घालत होते त्यानं झालं होतं.

त्या संध्याकाळी लीनानं माझ्यापुढं ताट ठेवलं. भाकरी दुधात कुस्करलेली. डॉक्टरला दातांत काही सापडलं नाही, तरी दोन वर्षं तशीच देते. मी रोज मनात म्हणायची, म्हातारी समजून चेष्टा करते. तिनं शेजारी बसून विचारलं, “जमतंय ना आई? दुखत नाही ना?”

सांगायला तोंड उघडलं. मिटलं. मी स्वतःला मौनाचं कारण दिलं. सुनेसमोर माझी जीभ आजवर कधी मागं सरली नव्हती, आणि त्या दिवशी दातांमागं लपून बसली. मी तो कुस्करा संपवला. गोड लागला नाही.

*

शुक्रवारी मी पण येते, असं पाटीवर लिहून दाखवलं. स्पृहाची पाटी. लीनानं गाडीचं दार उघडून दिलं. गाडीचा पट्टा तापून हाताला भाजत होता.

डॉक्टरीण गोरी, तरुण, पायात सपाता. खाली सतरंजीवर बसली. स्पृहासमोर चित्रं मांडली. कुत्रा, छत्री, पायऱ्या, स्वयंपाक करणारी बाई. एकेक उचलून विचारायची. स्पृहा चित्राकडं बघायची, मग बाईकडं, मग आईकडं, मग माझ्याकडं. ओठ हलायचे, बंद व्हायचे. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या चित्रापाशी तर ती पार गोठली. डॉक्टरीण वहीत लिहीत होती. प्रत्येक वेळी पेन हललं की लीनाचा हात पर्सच्या पट्ट्यावर आवळायचा.

मला दिसत होतं काय होणार. सात ते सहा. आणि त्याहून वाईट म्हणजे या पोरीच्या नावापुढं कायमचं काहीतरी लिहिलं जाणार, माझ्यामुळं.

लीनासमोरचं माझं मौन तिथं मोडलं.

“लीना,” मी म्हणाले, “या बाईला सांग. पोरीला सगळं येतं. ती माझं वाकडं बोलणं सावरत बसली आहे.”

लीनानं वळून बघितलं. चार दिवसांनी माझा आवाज ऐकला होता तिनं. “काय सावरत?”

“मी अहिराणीत तुला बोलते ते. तू तिला विचारतेस आजी काय म्हणाली, आणि ती तुला दुसरंच सांगते. सांग बाईला. मी म्हणते ते तसंच सांग.”

डॉक्टरीण पेन खाली ठेवून बसली होती. लीनानं तिला इंग्लिशमधे काही सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “बोला.”

मी बोलले. नीट मराठीत, तिला कळेल अशा. तुझ्या भाकरीला मी चामडं म्हटलं. दात कधीच दुखत नव्हते. डॉक्टरच्या दारात म्हटलं, पैसे उडवायला हिला कारण लागतं. रविवारी तुला राणी म्हणते ते कौतुकानं नाही. तुझ्या माहेरचे लोक आले होते तेव्हा मी म्हटलं, शब्दाला साजूक तूप लावतात आणि ताटात थेंब नाही.

लीना प्रत्येक वाक्यानंतर थांबून इंग्लिशमधे सांगत होती. मला वाटलं होतं चार शब्दांत उरकेल. नाही उरकलं तिनं. कान लाल झाले, आवाज दोनदा फाटला, पण माझ्याएवढंच लांब बोलत होती. स्वतःची निंदा स्वतःच्या तोंडानं, परक्या बाईसमोर. मी तिला मऊ समजत होते.

भाकरीचं ऐकून स्पृहा एकदम उठून उभी राहिली. तिनं डॉक्टरणीचा गुडघा धरला आणि भराभर बोलायला लागली. इंग्लिशमधे. न अडखळता, हात हलवून, डोळे मोठे करून. मला त्यातलं आजी कळलं, भाकरी कळलं, नाइस कळलं. डॉक्टरीण तिच्याकडं बघतच राहिली.

“काय म्हणते?” मी विचारलं.

लीनानं ओठ चावला. “म्हणते, आजी तसं म्हणाली नाही. आजी म्हणाली भाकरी खूप छान असते, फक्त आजी म्हातारी आहे म्हणून तिला विसरायला होतं. आजीला घरी पाठवू नका.”

घरी म्हणजे चोपड्याला. हे तिच्या डोक्यात कोणी घातलं मला माहीत नाही. कोणी नसेल घातलं. तिनंच एकेक वेचून तिथवर नेलं असेल.

मी सतरंजीवर बसले. गुडघे वाजले. तिला माझ्यापुढं उभं केलं. डॉक्टरीण होती, लीना होती, नियम होता, तरी मी माझ्या बोलीतच बोलले, कारण तिच्याशी खरं बोलायला मला दुसरी भाषा येत नाही.

“नही माय. आते नको करू. जे मी बोलनू तेच मी बोलनू. तुनी मायले मी सांगसू. तू नको सांगू.”

ती माझ्याकडं बघत होती. मग आईकडं. डोळ्यात पाणी नव्हतं, राग होता. एवढं काम केलं आणि आम्ही ते मोडलं.

पुढं डॉक्टरीण बराच वेळ बोलली. लीनानं मला सांगितलं ते असं: मुलीकडं शब्द कमी नाहीत, जास्त आहेत. समोर कोण आहे त्यावर कोणते काढायचे हे ती तिच्या वयाच्या मानानं फार चांगलं ओळखते. बोली बंद करायची गरज नाही. पण ती दमलीय. दोन मोठ्या बायकांमधलं बोलणं तिच्याकडून करून घेऊ नका. आजी काय म्हणाली हे तिला पुन्हा विचारू नका.

“मग कोणाला विचारायचं?” मी म्हणाले.

“तुम्हाला,” लीना म्हणाली.

*

गाडीत बसलो. आत भट्टी होती. लीनानं एसी लावला, पण गाडी काढली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसली. गाड्यांच्या टपांवरून झळा निघत होत्या. मागं स्पृहा पट्टा लावून, हातात डॉक्टरणीनं दिलेली बर्फाची कांडी.

“चामडं,” लीना म्हणाली.

मी एसीची जाळी माझ्याकडून तिच्याकडं वळवली.

“दोन वर्षं मी भाकरी कुस्करून देतेय तुम्हाला. पीठ चाळून. यूट्यूब बघून शिकले मी भाकरी. आमच्याकडं पोळ्याच असतात.” तिचा आवाज इस्त्रीचा राहिला नव्हता. “आणि तुम्ही चामडं म्हणता. मागून. लहान मुलीसमोर. मला समोर म्हणायचं ना!”

“समोर म्हटलं असतं तर तू काय केलं असतं?”

“फेकून दिली असती भाकरी. तुमच्या ताटातून उचलून. म्हटलं असतं, घ्या तुम्हीच थापा.”

पहिल्यांदा बरं वाटलं मला तिचं बोलणं.

“केअरचं काय?” मी विचारलं.

तिनं आरसा सरळ केला. “मला राग आलाय आई. राग असताना मी ठरवणार नाही. पण सात ते सहा नाही. तुमच्याकडंच राहील. दोन दिवस दुपारी जाईल, तिला तिच्या वयाची मुलं हवीत.” मग म्हणाली, “आणि दातांचे साडेतीनशे डॉलर गेले ते वेगळंच.”

“ते मी नाही मागितले.”

“नाही. तुम्ही थँक्यू म्हणालात.” तिला हसू आलं की रडू, ते तिनं तोंडावर हात दाबून आत ठेवलं. मग गाडी सुरू केली.

सिग्नलला थांबलो. मळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर धुरासारखी धूळ. मी खिडकीबाहेर बघत, मनात बरेच फेरे मारून, शेवटी एक वाक्य बोलले. अहिराणीत. काय बोलले ते इथं लिहीत नाही. चांगलं होतं, आणि म्हणूनच बोलायला जड गेलं.

“काय म्हणालात?” लीनानं विचारलं.

सवयीनं आम्ही दोघींनी मागं बघितलं. तिनं आरशात, मी मान वळवून. स्पृहानं कांडी तोंडातून काढली. ओठ लाल झाले होते. ती माझ्याकडं बघत होती, मग आईकडं. बोलायला तोंड उघडलं, आणि मग तिनं कांडी परत तोंडात घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

लीना थांबून राहिली. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, तरी ती माझ्याकडंच बघत होती. मला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. मराठीत.